कांद्याच्या बराखीतली नमाज

राजुरीपलीकडच्या वाडीत नजमुन्निसाकडून बांगड्या भरल्या नाहीत अशी बाई शोधून सापडायची नाही. हात कितीही राठ असो, ती बोलण्यात अशी गुंगवायची की बांगडी मनगटात कधी गेली ते कळायचंही नाही. भरून झालं की बाया तिला वाकून नमस्कार करायच्या. बांगड्या भरणारीला नमस्कार करायचाच, मग ती कुठल्याही धर्माची असो.

अशा या नजमुन्निसानं स्वतःच्या दोन गुंठ्यांत नमाजाची खोली बांधायला काढली आणि वाडीचं डोकं फिरलं. "जागा तुमची, पर गाव आमचं हाये!" कांद्याचा बडा बागायतदार दादाभाऊ ग्रामसभेत गरजला. "आज खोली, उद्या भोंगा!" बांधकाम थांबलं. सातबारा आपला, विटा आपल्या, आणि हात लावायची चोरी! नजमुन्निसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात दादाभाऊच्या लेकीचं, वृषालीचं लग्न निघालं. चुडा भरायला नजमुन्निसाशिवाय कोण? ती गेली, पण रागासकट गेली. हिरवा चुडा भरून झाला तशी दादाभाऊची आई धोंडाबाई म्हणाली, "जा, बराखीत झाडून ठिवलंय."

थोड्या वेळानं दादाभाऊ व्यापाऱ्याला कांदा दाखवायला बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या खोपीत शिरला. बघतो तर कांद्याच्या ढिगाशेजारी नजमुन्निसा नमाज पढतेय. व्यापारी पुढं निघाला तसा दादाभाऊनं त्याचा दंड धरला. "थांबा पावणं, नमाज व्हऊ द्या." बोलून गेला आणि स्वतःच चमकला.

"आता बघतूस व्हय?" मागून चुड्याला जमलेल्या बायांसोबत धोंडाबाई आली. "तुझ्या लग्नापासनं ती हितंच पढती. एक तरी कांदा नासला का रं?"

"आमच्या पडवीत बी पढती!" बायांतून आवाज आला आणि हशा पिकला.

एव्हाना नमाज आटपून नजमुन्निसा उठली होती. दादाभाऊ ओशाळला, पण हार मानेना. "मग हितंच पढा की भाबी, खोली कशाला?"

"तुमचं देवघर कुणाच्या बराखीत मांडलंय, दादाभाऊ?"

मान खाजवत तो म्हणाला, "बरं, भोंगा तर न्हाई ना?"

"आमच्या चार घरांना भोंगा कशाला? हाक पुरती. पर ही तुमची अट न्हाई, माझी मर्जी हाय."

पुढच्या ग्रामसभेत दादाभाऊ तितक्याच मोठ्यानं खोलीच्या बाजूनं बोलला. खोली उभी राहिली.

पहिल्या दिवशी नजमुन्निसा दारात थबकली. जन्माच्या सवयीनं "येऊ का?" तोंडात आलं. मग तिचे डोळे भरले, हसूही आलं, आणि कुणालाही न विचारता ती आत गेली.