त्याच हौदावर प्यालेले बैल

नोकरीत मी दंगली पाहिल्या, खुनाचे पंचनामे केले. पण मनाला सर्वांत जास्त घोर लावला तो चौदा जनावरांच्या मृत्यूच्या एका प्रकरणाने. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी त्या दिवसाचा एकेक तास मला आठवतो.

बीड जिल्ह्यात सलग दुसरा दुष्काळ होता. परळी भागातल्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी, सहायक निरीक्षक. आमच्या हद्दीत एका सहकारी दूध संस्थेने चारा छावणी चालवली होती. तिथे तीनेकशे जनावरे आणि त्यांच्यासोबत राहणारी माणसे होती. छावणीला आणि शेजारच्या वस्तीला पाणी यायचे एकाच टँकरने. त्याचा चालक पाटोद्याकडचा, तिशीतला, परका माणूस.

सकाळी साडेआठला छावणीतून फोन आला. जनावरे तोंडाला फेस येऊन पडत होती. मी पोहोचलो तोवर अकरा मेली होती, आणखी तीन जनावरे पाय झाडत होती. बाकीच्यांपैकी बहुतेकांना अजून पाणी पाजायचे होते; लोकांनी ती हौदापासून लांब बांधली होती. पंचनामा सुरू केला, पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावले, हौदातल्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून सील केले. चालक मात्र गायब होता. टँकर रस्त्याच्या कडेला उभा आणि चावी आतच.

अकरा वाजता संस्थेचे एक संचालक साठ-सत्तर माणसे घेऊन ठाण्यावर आले. पांढरे कपडे, कमावलेला आवाज. सभेत बोलायची सवय असलेला माणूस. ते माझ्यासमोर बसले आणि एकेक बोट दुमडत बोलू लागले.

"साहेब, काल त्याचं माझ्याशी भांडण झालं. समद्यांसमोर म्हणाला, तुमच्या जनावरांचं काय व्हायचं ते होऊ द्या. आज सकाळी हौद त्यानंच भरला. हौद भरला आन् जनावरं पडली. आन् आता तो पळालाय. निर्दोष माणूस पळतो का?"

मी म्हणालो, "तपास करू द्या."

"एक तर त्यानं विष घातलं, न्हाई तर आमच्यातल्याच कुणीतरी घातलं. ही माणसं आपल्या हातानं आपली जनावरं मारतील का? तुमीच सांगा."

बाहेरचे लोक माना डोलावत होते. खरे सांगायचे तर मनातल्या मनात मीही डोलावत होतो. भांडण, हौद, पळणे. तीन गोष्टी ओळीने मांडल्या की चौथी आपोआप खरी वाटू लागते. संचालक उठताना म्हणाले, "पाच वाजेपर्यंत बघू. पुढं लोकांना आवरणं माझ्या हातात न्हाई." ठाण्यात आम्ही सहा जण होतो. जिल्ह्याहून जादा कुमक मागवली, तर ती यायला संध्याकाळ होईल असे उत्तर मिळाले.

साडेबारा वाजता खबर मिळाली. चालक धर्मापुरीत त्याच्या मावसबहिणीच्या घरी होता. दोन कॉन्स्टेबल जाऊन त्याला घेऊन आले. मागच्या दाराने आत घेतले, तरी लोकांना कळलेच. आवारातला आवाज वाढला.

तो माझ्यासमोर उभा राहिला. मी आवाज चढवून विचारले, "पळालास कशाला?"

"मारत्याल म्हणून गेलतो साहेब."

"काही केलं नाहीस तर भीती कसली? निर्दोष माणूस पळत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. "निर्दोष माणसाला मार लागत न्हाई का साहेब?"

'निर्दोष माणूस पळत नाही' हे वाक्य माझे नव्हतेच. दोन तासांपूर्वी संचालकांनी ते माझ्या टेबलावर ठेवले होते आणि मी ते जसेच्या तसे उचलले होते. मी त्याला खाली बसवले, पाणी दिले आणि पहाटेपासूनचे सगळे क्रमाने सांगायला लावले.

"काल लई रागात होतो. संचालक सायबांनी सांगितलं, पहिल्यांदा टँकर माझ्या गोठ्यावर आण. मी न्हाई म्हणालो. आज टँकर भरला, अर्धा वस्तीवरच्या टाकीत सोडला आन् अर्धा हौदात."

"वस्तीवर? याच खेपेतला?"

"याच. मीबी तेच पाणी पिलोय."

पाण्यात विष असेल तर वस्तीवरची चाळीस घरे सकाळपासून तेच पीत होती. मी हवालदाराला जीपने पिटाळले. तो परत येईपर्यंतचा पाऊण तास मी खिडकीपाशी उभा होतो. समोर जमाव, मागे तो माणूस, आणि माझ्या डोक्यात वस्तीवरची लहान मुले. हवालदार आला तो धापा टाकत. "कुणालाच काय झालं न्हाई साहेब. पोरं खेळत्यात."

मग मी पुन्हा छावणीत गेलो. सकाळपासून कुणालाही न विचारलेला प्रश्न विचारला: मेली नाहीत ती कोणती जनावरे? मागच्या रांगेत एक बाई आपल्या दोन बैलांना धरून बसली होती. घरातली बाकी माणसे ऊसतोडीला गेलेली, बैल म्हातारे म्हणून ती मागे राहिलेली.

"बैल कुठं पाणी प्यायले?"

"त्याच हौदावर. आमी तर पहिल्यांदा पाजलं." आणि तीच मला विचारू लागली, "पाण्यात इख होतं तर माझे बैल कावून न्हाई मेले?"

"आज खायला काय घातलं?"

"वाळला कडबा. हिरवी कुट्टी पुढच्याच रांगेला टाकली. मी भांडलेबी त्यावरनं."

मेलेली चौदाही जनावरे पुढच्या रांगेतली होती. डॉक्टरांनी उरलेली कुट्टी हातात घेऊन चोळली आणि मान हलवली. पाण्याच्या ताणाने गुडघ्याएवढीच राहिलेली कोवळी ज्वारी. अशा ज्वारीत विष तयार होते, हे इथल्या जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक असते; पण बारीक कापून आलेली कुट्टी कुणी ओळखली नाही, आणि चालकाचे नाव पुढे आल्यावर कुणी चाऱ्याकडे पाहिलेही नाही. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालाने तेच सांगितले.

ती ज्वारी संचालकांच्या शेतातली होती. त्यांनी ती छावणीला फुकट दिली होती. शेत सालगडी पाहायचा, ते स्वतः कित्येक वर्षांत बांधावर गेले नव्हते. मी त्यांना ठाण्यात आत बोलावून हे सांगितले. ते म्हणाले, "मी चांगल्या मनानं दिलं होतं साहेब. त्यानं जनावरं कशी मरतील?"

"मन चांगलं होतं. ज्वारी नव्हती," मी म्हणालो.

मला वाटले, आता संपले. मी पायऱ्यांवर उभा राहून लोकांना सगळे समजावून सांगितले. मग मागून एक जण बोलला, "चारा यानं दिला आन् जनावरं मेली. म्हंजी यानंच मारली." आणि सकाळच्याच माना पुन्हा डोलू लागल्या. तोच युक्तिवाद होता, फक्त माणूस बदलला होता. संचालक माझ्या मागे, दाराला टेकून उभे होते.

मी त्या माणसाला पुढे बोलावले. विचारले, "तुमचं जनावर आहे छावणीत?" म्हणाला, "म्हैस हाय. मागच्या रांगेत." "तिला हिरवा चारा का मिळाला नाही म्हणून तुम्हीही सकाळी भांडलात का?" तो खाली बघू लागला. भांडला होता. जवळजवळ सगळेच भांडले होते. हिरवे दिसल्यावर प्रत्येकाला ते हवे होते. तेवढ्याने लोक एकदम शांत झाले नाहीत, पण बोलणे थांबले. पाचच्या सुमारास माणसे दोन-दोन, चार-चार करून निघून गेली. संचालकांना मी जीपने घरी पोहोचवले.

त्या दिवसानंतर गोड, बांधेसूद बोलणारा माणूस समोर आला की मी सावध होतो. आधी हे झाले, नंतर ते झाले, म्हणून याच्यामुळे ते झाले, असे कुणी सांगितले की विचारतो: हेच झाले आणि तरी ते झाले नाही, असे कुठे घडले का? दोनच पर्याय पुढे ठेवले की तिसरा शोधतो. सगळे गाव म्हणते, असे ऐकले की गावातल्या किती जणांनी स्वतः पाहिले ते मोजतो. नव्या फौजदारांनाही मी हेच सांगत आलो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बैल धरून बसलेल्या एका बाईने ते मला शिकवले, आणि शिकायला मला अर्धा दिवस लागला.

जबाबावर सही करून चालक निघाला तेव्हा दारात थांबला.

"साहेब, त्या बाईचे बैल पुढच्या रांगेत असते तर?"

मी त्याला म्हणालो, तपासात काही ना काही सापडतेच. त्याने मान हलवली आणि गेला. मी खोटे बोललो होतो. दुपारी तो ठाण्यात यायच्या आधीच मी त्याच्या अटकेचे कागद तयार करायला सांगितले होते. त्याचे नाव लिहून झाले होते. फक्त माझी सही राहिली होती.