रंग न चढलेली बाटली

ओश शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत बुरुलचा हुद्दा सगळ्यांत खालचा, पण अठरा वर्षांत जिवाणू तिच्याइतके कुणी हाताळले नव्हते. आम्ही तिला 'एजे' म्हणायचो, म्हणजे ताई.

मी तेव्हा भाजलेल्या जखमांत हिरवा पू धरवणाऱ्या जिवाणूंवर काम करत होते. हे थोडे असतात तोवर गप्प असतात. प्रत्येक जण हाक मारल्यासारखा एक बारीकसा रेणू बाहेर सोडत राहतो. गर्दी झाली की तो साठतो, पेशीत परत शिरतो आणि थांबलेली जनुकं एकदम चालू करतो. मग त्यांचं खाणंपिणं बदलतं, मांस विरघळवणारा रस सुटतो, हिरवा रंग चढतो. माझ्या एका बाटलीत हे जिवाणू होते. दुसरीत तेच, पण ती हाक ऐकण्याचं जनुक काढून टाकलेले. ते कधी हिरवे होत नसत; त्यांना एजे 'बहिरे' म्हणायची.

त्या सकाळी दोन्ही बाटल्या सारख्याच गढूळ, बिनरंगी होत्या. एजेनं त्या स्पिरिटनं पुसल्या आणि वरची नावंच पुसली गेली. मला हाक मारायला ती वळली, तेवढ्यात तिच्या हातातली एक बाटली टेबलाच्या कडेवर आपटून फुटली. पाणी उडालं ते थेट तिच्या डाव्या डोळ्यात.

"डोळा उघडा ठेव, एजे!" मी नळ सोडला.

"उघडाच आहे गं! पण रविवारी लोकर पिंजताना ह्याच डोळ्याला ओरखडा पडलाय."

म्हणजे जिवाणूंना आत शिरायला वाट होती.

डॉक्टरांनी अर्ध्या अर्ध्या तासानं घालायचे थेंब दिले. एजे घरी जाईना. उरलेली बाटली उबेच्या कपाटात ठेवून ती समोर बसली.

"पाचपर्यंत ही हिरवी झाली, तर माझ्या डोळ्यात बहिरे गेले."

"बहिरेही त्रास देतात, एजे."

"देऊ देत. सगळ्यांनी मिळून तुटून पडू नये, एवढंच."

दोन वाजले, तीन वाजले. मी थेंब घालत होते. पाचलाही बाटली पातळ ताकासारखी पांढरटच होती; बहिरे होते ते तिच्यातच.

"आयझादा," ती हळूच म्हणाली, "माझ्या घरी आज काही सांगू नकोस."

तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका उमटला. अकरा दिवस ती इस्पितळात होती. ठिपका वाढला नाही. डोळा वाचला, कडेला थोडं धुकं मात्र राहिलं.

ती कामावर परतली. पण हिरव्या बाटल्या बाहेर काढायच्या असल्या की अजूनही ती कसलंतरी काम काढून खोलीबाहेर जाते, आणि मी तिला थांबवत नाही.