मधली ब्लँक

अंबडच्या आमच्या लॅबमध्ये द्राक्षांत फवारणीच्या औषधाचा अंश राहिलाय का ते शोधणारं लिक्विड क्रोमॅटोग्राफीचं मशीन आहे. कोणती बाटली कधी घ्यायची, किती वेळ चालवायची, ही मेथड कॉम्प्युटरवर एकदा भरली की पुढचं सगळं ते आपोआप करतं. मेथड भरायचं काम माझ्या एका सहकारिणीचं. ती सटाण्याची. मशीन अडलं की त्याच्याकडे वाकून हळूच अहिराणीत विचारते, "काय शे रे?" आमच्याशी मात्र अगदी पुस्तकी बोलते.

प्रत्येक सॅम्पलनंतर ती एक ब्लँक लावते, म्हणजे नुसतं द्रावण असलेली बाटली. मागच्याचं औषध नळीत राहून पुढच्याच्या नावावर लागू नये म्हणून. त्यात वेळ जातो, लॅबचे प्रमुख सर वैतागतात. ती म्हणते, "एकाचं दुसऱ्याच्या माथी नको, सर."

डबा खातानाही प्रत्येकाच्या भाजीनंतर ती घोटभर पाणी पिते. ही सवय मशीनची तिला लागली की तिची मशीनला, याचं मला भारी कुतूहल.

परवा त्या ब्लँकवरूनच सर तिला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. ते पाठ फिरवतात तोच निफाडचे एक बागायतदार दारात आले.

"मॅडम, आमच्या मालाचा रिपोर्ट आला का?"

तिने हातानेच थांबा म्हटलं. पाण्याची बाटली उघडली, सावकाश एक घोट घेतला.

"बसा काका. तुमचंच सॅम्पल चालू आहे."

तिच्या आवाजात सरांचं काहीसुद्धा उरलं नव्हतं.