धाग्याखालचा पाइप

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून गादी टाकली, शेगडी बसवली. बायकोनं सोसायटीभर सांगितलं, "ह्यांनी दुसरं घर घेतलंय, चार चाकांचं." गेल्या दसऱ्याला सासूबाई आमच्याकडे पिंपरीत होत्या. गाडीची पूजा त्यांनीच केली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलून त्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि हात पोचला तिथल्या एका रबरी पाइपाला लाल धागा करकचून बांधला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या.

दोनच दिवसांनी त्या बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. संक्रांतीनंतर डॉक्टर म्हणाले, आडवं झोपवून गावी न्यायला हरकत नाही. त्यांचं गाव नारायणगावच्या पुढं. ॲम्ब्युलन्सला त्या तयार नव्हत्या. "तुमचे सासरे त्यातनंच गेले," म्हणाल्या, "मी आपली तुमच्या गाडीतनं जाईन."

आणि नेमकी गाडी रुसली. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन मंद चालतं, त्याला गॅरेजवाले 'स्लो' म्हणतात. आमचा स्लो लागेना. इंजिन थरथरायचं, आचके द्यायचं आणि बंद पडायचं. पळताना गाडी झकास, उभी राहिली की मेली. गावाचा रस्ता चाकणवरून जातो आणि चाकणच्या चौकात गाडी पळत नाही, उभीच असते. तिथं गाडी बंद पडून मागे ती माउली तापत पडली तर? ह्या विचारानं माझी झोप उडाली.

मी जन्मभर चाकणच्या एका कंपनीत इंजिनं तपासली. नव्या पोरांना दम द्यायचो, आधी पुसा, मग तपासा. घाणीखालीच दोष लपतो. त्या तोऱ्यात मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. शेवटी भोसरीच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं सगळे पाइप पुसून चाचपले आणि लाल धाग्यापाशी हात आखडला. "पूजेचं हाय राव, ऱ्हाऊ द्या." मीही मान डोलावली. मी स्वतः दोन महिने त्या धाग्याला वळसा घालूनच पुसत होतो.

दरम्यान सासूबाई रोज विचारायच्या, "जावईबापू, झाली का गाडी? लेकीच्या घरी किती दिस पडून ऱ्हायाचं? बरं दिसत न्हाई." बायको त्यांच्या पायाला तेल चोळत राहायची.

होळी झाली. एका सकाळी बायको टॉर्च धरून उभी होती. इंजिन आचके देत होतं.

"अहो, त्या धाग्याखाली काय आहे?"

"काय असणार? पाइप! आणि तो तुझ्या आईनं बांधलाय."

मी खेकसलो खरा, पण अंगठा धाग्यावर गेला. सहज दाबला. इंजिन एकदम शांत, एकसारखं चालू लागलं. अंगठा काढला, पुन्हा आचके. जुनं रबर धाग्याखाली चिरलं होतं आणि तिथून नको ती हवा इंजिनात शिरत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धागा कापायचं धाडस मला झालं नाही. पाइप धाग्यासकट काढला, नवा घातला आणि जुना घेऊन सासूबाईंच्या उशाशी जाऊन बसलो. सगळं सांगितलं. त्यांनी तो फडक्यात गुंडाळून मुठीत धरला आणि म्हणाल्या, "मग आता निघायाचं व्हय?"

दुसऱ्या दिवशी निघालो. चाकणच्या चौकात अर्धा तास अडकलो. इंजिन कसं छान चाललं होतं. मी फुशारकीनं मागं वळून म्हणालो, "बघा आई, तुमची गाडी! त्या धाग्यानं उगाच दोन महिने अडकवलं तुम्हाला."

बायको त्यांच्या शेजारी बसली होती. त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं, मूठ छातीशी.

"अडकवलं कुठं, जावईबापू? बांधताना म्यां तेच मागितलं हुतं. चार दिस लेकीजवळ ऱ्हाऊ दे म्हणलं. तोंडानं कसं मागायाचं?"

पुढचा ट्रक हलला. मागून हॉर्न सुरू झाले. इंजिन शांतपणे चालू होतं आणि मला गिअर टाकवेना.