लालबागच्या भंगारातला शाफ्ट

नातू स्कूटरला ग्रीस लावायला बसला की त्या वासानं मला लालबागचं भंगाराचं दुकान आठवतं. संस्थान विलीन झालं आणि राजेसाहेबांचे ड्रायव्हर असलेले माझे वडील, अण्णा, घरी बसले. धाकटा भाऊ अंगणात रेसची गाडी बनवत होता. तिची चाकं फिरवणारा शाफ्ट निवडायला आम्ही तिघं गेलो होतो.

"अण्णा, हा एकदम बढिया आहे," भाऊ म्हणाला.

अण्णांनी त्यावरचं ग्रीस बोटानं पुसलं. खाली त्यांनीच करवून घेतलेलं वेल्डिंग निघालं. मग त्यांनी पायांखालचे निळे पत्रे पाहिले.

"राजेसाहेबांची गाडी कापली रे यांनी."

त्या गाडीत अण्णा कधी चपला घालून बसले नव्हते. त्या धारदार पत्र्यांवर उभ्याउभ्याच त्यांनी चपला काढल्या.