तीन सोंगट्यांचं अंतर

हमीद होडेकर १९९८ साली जहाजाची नोकरी सोडून मिरकरवाड्यातल्या घरी आला. इंजिनरूमच्या शिडीवरून पडून गुडघा कायमचा अधू झाला होता. जहाजावर एका जपानी इंजिनियरनं त्याला एक खेळ शिकवला होता. पटावर उभ्या-आडव्या रेघा. रेघ रेघेला छेदते तिथे एकानं काळी, दुसऱ्यानं पांढरी सोंगटी ठेवायची. जास्त जागा वेढेल तो जिंकला. नाव ‘गो’.

“काय गो?” त्याची बायको रझिया हसली. पण घरात दुसरं खेळायला होतं कोण? बसली ती समोर.

या खेळात कच्च्या गड्याला आधीच काही सोंगट्या मांडून मिळतात. इंजिनियर हमीदला नऊ द्यायचा, तरी जिंकायचा. इंजिनियरला त्याचे गुरू नऊ द्यायचे.

“त्या गुरूंना त्यानं विचारलं होतं,” हमीद म्हणाला, “की एकही चूक न करणारा समोर बसला तर? ते म्हणाले, मला तीन द्या. जीवच पणाला लावून खेळायचं असेल तर चार.”

“धक्क्यावर उभं राहून भर समुद्राची खोली कशी कळली त्यांना?” रझिया म्हणाली. “आणि चूक न करणारा तर एकच.”

मग तिनंच पाटावर खडूनं पाच उभ्या, पाच आडव्या रेघा मारल्या. “एवढ्यात तरी बिनचूक खेळून बघू.”

वर्षं गेली त्यात. मासळी साफ करतानाही रझिया मध्येच हात धुऊन एखादी खेळी तपासून यायची. शेवटी दोघांची खात्री पटली. पहिल्यानं मधोमध सोंगटी ठेवली, की सगळा पट त्याचाच.

२००३ मध्ये सायबर कॅफेत त्यांनी शोधलं. आदल्याच वर्षी संगणकानं पाच रेघांचा खेळ पुरता सोडवला होता. उत्तर तेच!

हमीदनं आनंदानं टेबलावर थाप मारली. रझिया मात्र पुढचं वाचत होती. खरा पट एकोणीस रेघांचा. त्यावर जितक्या मांडण्या होतात, तितके अणूही दिसणाऱ्या विश्वात नाहीत.

“आणि त्यापुढे बसून ते गुरू म्हणाले, तीन,” ती हळूच म्हणाली. “कमी सांगितलं असेल, की जास्त?”

“कुणालाच ठाऊक नाही.”

संध्याकाळी दोघं मोठा पट मांडून बसली. रझियानं पहिली सोंगटी उचलली, आणि कितीतरी वेळ ती खाली ठेवलीच नाही.