शाळेत विसरलेल्या वस्तू

त्या माणसाला शाळेचा रस्ता मीच दाखवला. त्याआधी दुकानात बसवून त्याला चहाही पाजला, आणि साखर कमी पडली म्हणून वरून माफी मागितली.

पण आधी केसरमावशी सांगायला हवी. चिखलीपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात ती जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवायची. बुटकी, काटक बाई. पदर कमरेला खोचलेला, हातात पळी. कुठल्या घरात काय चाललंय हे तिला पळीवरून कळायचं. "सोमवारी जे पोट्टं दुसऱ्यांदा ताट घेऊन येते, त्याच्या घरी रविवारी चूल पेटली नाही," असं ती म्हणायची. मग संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन ती त्या घराच्या दारात उभी राहायची.

पिशवीत कधी वह्या, कधी गणवेश, कधी पाच किलो ज्वारी. हे सगळं ती बाजारातल्या दुकानदारांच्या मागे लागून गोळा करायची. देताना मात्र वाक्य एकच. "घ्या बाई, तुमची पोरगी शाळेत विसरून आली होती." कोरा गणवेश, घडीसुद्धा न मोडलेला, तोही विसरलेला! ज्वारीसुद्धा विसरलेली! घेणारी बाई एक क्षण बघायची आणि पिशवी आत न्यायची. आभार नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. मी एकदा विचारलं, एवढं खोटं कशाला? ती म्हणाली, "हातात देल्लं त भीक होते. विसरलेलं वापस देल्लं त ते त्याचंच रायते, लेका."

हे ऐकूनही मी शहाणा झालो नाही. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि वर एक मित्रमंडळ, ज्याचा अध्यक्ष मी आणि बहुतेक वेळा सभासदही मीच. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर सातपुड्याच्या पायथ्याकडची आदिवासी कुटुंबं कामाला आली होती. त्यांच्या मुलांना दप्तरं द्यायची असं मंडळानं, म्हणजे मी, ठरवलं. मावशीनं यादी दिली आणि अट घातली, फोटो काढायचा नाही. मी विचारलं, "काऊन?" ती म्हणाली, "नाही म्हटलं नं."

आता वाटप म्हटल्यावर बॅनर येतो, हार येतात, माईक येतो. बॅनरवर शाळेचं नाव आणि मुलांच्या डोक्यापेक्षा मोठं माझं डोकं. मावशी चुलीपाशी गुंतलेली पाहून मी मुलांना रांगेत उभं केलं. आठवीतली मीरा मागे मागे सरकत होती. मी तिला दंडाला धरून पुढे आणलं, उंच मुलगी मध्ये शोभते म्हणून. तिनं दप्तर तोंडासमोर धरलं. मी म्हणालो, "बेटा, दप्तर खाली घे, चेहरा दिसू दे." तिनं घेतलं.

तो फोटो मी सतरा ग्रुपवर टाकला.

दहाव्या दिवशी दुकानासमोर पांढरी जीप थांबली. उतरलेला माणूस इतका सभ्य की मी खुर्ची पुसून दिली. त्यानं मोबाइलवर माझाच फोटो दाखवला. "चांगलं काम करता तुम्ही," म्हणाला. बोटांनी फोटो मोठा करत होता. मला वाटलं, बॅनर वाचतोय. बॅनर तर केव्हाच कडेला गेला होता. काचेवर एकच चेहरा राहिला होता. हे मला दिसलं, पण कळलं नाही. शाळा किती वाजता सुटते, भट्टीवरची मुलं कोणत्या वाटेनं जातात, सगळं त्यानं विचारलं आणि सगळं मी सांगितलं. मग आणखी कौतुक पदरात पडेल म्हणून त्याच्याबरोबर जीपमध्येही बसलो.

मुलं जेवायला बसली होती. मी फाटकातूनच ओरडलो, "मावशी, पाहुणे आलेत."

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या जीपकडे. जीपचं इंजिन चालूच होतं, आत आणखी दोघं होते. तिनं पळी पातेल्यावर दोनदा आपटली, आणि मुख्याध्यापिका बाई वर्गाच्या दारातून डोकावून गेल्या. मग ती हसून म्हणाली, "पाहुणा आला त जेवूनच जाते." तिनं त्याला चुलीकडे तोंड करून बसवलं आणि ताट वाढलं. तो नको म्हणाला की मी आग्रह करायचो. आयुष्यात तेवढंच एक उपयोगाचं काम माझ्याकडून झालं, तेही न कळता. दुसरी वाढ, तिसरी वाढ. मागच्या बाजूला मुख्याध्यापिका बाईंची स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मावशीनं मुद्दाम पळीनं पातेलं खरवडलं.

हात धुऊन तो माणूस म्हणाला, "मीरा कुठे आहे? मी तिचा चुलता."

"ते आज आलीच नाही," मावशी म्हणाली.

मुलांच्या रांगेत एक ताट अर्धवट खाल्लेलं, आणि त्याच्यापाशी कोणी नव्हतं. त्यानं ते पाहिलं. आम्ही तिघांनीही पाहिलं. मिश्या पुसत तो म्हणाला, "खिचडी चांगली होती. मी पुन्हा येईन."

संध्याकाळपर्यंत भट्टीवरची मीराच्या आईची झोपडी रिकामी झाली होती. चूल कोमट होती म्हणतात. मग मावशीनं मला सांगितलं. बाप गेल्यावर या चुलत्यानं मीराचं लग्न पस्तिशीच्या माणसाशी ठरवलं होतं. आई तिला घेऊन रातोरात निघाली, ती भट्टीवर येऊन थांबली. हे फक्त बाईंना आणि मावशीला ठाऊक होतं. "तुले सांगतलं असतं त..." ती म्हणाली, आणि पातेलं घासायला लागली. ते अर्धं वाक्य मला अजून झोपू देत नाही.

बाईंनी पोलिसांत कळवलं, तेव्हा जीप शाळेकडे यायची थांबली. आता ती बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोर थांबते. तो उतरतो, खुर्ची स्वतःच ओढून घेतो. चहा मागत नाही, पण मी मागवतो. "काही कळलं का?" एवढंच विचारतो. मला खरोखरच काही ठाऊक नाही, आणि ते त्याला पटत नाही. जाताना माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी करतो, सभ्यपणेच.

मागच्या वर्षी मावशी गेली. त्याच्या आठवडाभर आधी चिखलीच्या दवाखान्यात मी तिला भेटलो. आवाज खोल गेला होता. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून शाल नेली होती, आणि मोठ्या हुशारीनं म्हणालो, "मावशी, ही तुम्ही दुकानात विसरला होता." ती जराशी हसली. मला धीर आला. मी खाली वाकून विचारलं, मीरा बरी आहे ना? शिकते ना? तिनं मान हलवली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

"कुठं आहे ती?" मी विचारलं.

मावशीनं डोळे मिटले. म्हणाली, "तुले सांगण्यापरीस चौकात बॅनर लावलेलं बरं."